खलनायकाला काळीज देणारी बावीस मिनिटे

‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सिरीज’मधील ‘हार्ट ऑफ आइस’ या भागाचे रसग्रहण

कार्टून म्हणजे मुलांना तासभर गप्प बसवण्याचे साधन, ही समजूत आपल्याकडे आजही बऱ्यापैकी टिकून आहे. मांजर उंदरामागे धावते, उंदीर निसटतो, मांजराच्या डोक्यावर हातोडा बसतो आणि पुढच्या दृश्यात ते पुन्हा ठणठणीत उभे राहते. या दुनियेत कुणी मरत नाही, त्यामुळे कुणाला शोक करण्याचे कारणही उरत नाही. या समजुतीला अमेरिकी दूरचित्रवाणीवर ज्या मालिकांनी छेद दिला, त्यांत ‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सिरीज’चे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आणि या मालिकेचा एकच भाग पाहायचा असेल तर कोणता पाहावा, असे विचारल्यास बहुतेक जाणकार ‘हार्ट ऑफ आइस’कडे बोट दाखवतात.

७ सप्टेंबर १९९२ रोजी ‘फॉक्स’ वाहिनीवर हा भाग प्रथम प्रसारित झाला. मालिका सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. लांबी साधारण बावीस मिनिटे. लेखक पॉल डिनी आणि दिग्दर्शक ब्रूस टिम. तीन दशके उलटून गेल्यावरही या बावीस मिनिटांची चर्चा थांबलेली नाही, आणि त्याचे कारण त्यातील हाणामारी किंवा थरार हे नाही. थट्टेचा विषय होऊन बसलेल्या एका दुय्यम खलनायकाला या भागाने दुःख दिले. मात्र ते देताना त्याच्या गुन्ह्यावर पांघरूण घातले नाही. हा तोल कसा साधला गेला, हे समजून घेण्यासारखे आहे.

विनोदी खलनायकाची पूर्वपीठिका

मिस्टर फ्रीझ हे पात्र मुळात फारसे महत्त्वाचे नव्हते. फेब्रुवारी १९५९च्या ‘बॅटमॅन’ कॉमिकच्या १२१व्या अंकात ते प्रथम अवतरले, तेही ‘मिस्टर झिरो’ या नावाने. बर्फाची बंदूक तयार करताना अपघात होतो, त्यानंतर या इसमाला केवळ अतिशीत तापमानातच जगता येते, आणि मग तो हिरे-माणके चोरू लागतो, एवढीच त्याची कुंडली. तो चोऱ्या का करतो, त्याला काय हवे आहे, असले प्रश्न त्या काळच्या कॉमिकना पडत नसत. खलनायक हा खलनायक असतो म्हणून वाईट वागतो, इतके त्यांना पुरेसे होते.

१९६६ साली अ‍ॅडम वेस्ट यांची भूमिका असलेली बॅटमॅनची दूरचित्रवाणी मालिका आली आणि मिस्टर झिरोचा मिस्टर फ्रीझ झाला. त्या मालिकेत जॉर्ज सँडर्स, ओटो प्रेमिंजर आणि इलाय वॉलॅक अशा तीन निरनिराळ्या नामवंतांनी ही भूमिका केली. मालिकेचा बाजच प्रहसनाचा असल्याने फ्रीझही त्यात गमतीदार ठरला. पुढे कॉमिकमध्येही हेच नाव रूढ झाले. पण पात्राची पत काही वाढली नाही. जोकर, पेंग्विन, कॅटवूमन यांच्या रांगेत त्याला कधी बसवले गेले नाही.

डिनी यांच्या हाती आले ते असे पात्र. त्यांनी त्याची बंदूक ठेवली, थंडीचा शाप ठेवला आणि त्याच्या आयुष्यात एका व्यक्तीची भर घातली. ती व्यक्ती म्हणजे त्याची पत्नी, नोरा.

कथानक

भागाचा आरंभ एका खेळण्यापासून होतो. काचेचा छोटा गोल, आत नाचणारी एक इवलीशी बाहुली आणि तिच्याभोवती भुरभुरणारा खोटा बर्फ. पार्श्वभूमीवर एक आवाज ऐकू येतो. तो आवाज सूडाची प्रतिज्ञा करतो. पण ती प्रतिज्ञा जगाला उद्देशून नाही, तर आता जवळ नसलेल्या एका स्त्रीला उद्देशून आहे. प्रेक्षकाला खलनायकाचे कृत्य दिसण्याआधी त्याचे दुःख कानी पडते.

यानंतर बातमी येते ती ‘गॉथकॉर्प’ या बड्या कंपनीच्या ठिकाणांवर पडणाऱ्या दरोड्यांची. चोर सगळे काही गोठवून टाकतो आणि केवळ ठरावीक यंत्रभाग उचलून नेतो. हे सारे भाग जोडल्यास एक महाकाय गोठवणारी तोफ तयार होईल, असे बॅटमॅनच्या ध्यानात येते. पुढच्या चोरीच्या जागी तो फ्रीझला गाठतो. पण फ्रीझ निसटतो. या झटापटीत फ्रीझच्या किरणाचा फटका त्याच्याच एका साथीदाराला बसतो. फ्रीझ त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता निघून जातो. बॅटमॅन मात्र त्या गुंडाला उचलून आपल्या गुहेत नेतो आणि त्याच्यावर उपचार करतो.

दिवसाउजेडी बॅटमॅन हा ब्रूस वेन नावाचा धनाढ्य उद्योगपती असतो. त्या नात्याने तो गॉथकॉर्पचा प्रमुख फेरिस बॉईल याची भेट घेतो. कंपनीवर कुणाचा राग असावा, असे विचारल्यावर बॉईल एका शास्त्रज्ञाची आठवण काढतो. पण तो तर प्रयोगशाळेतील अपघातात मरण पावला, असे सांगून विषय झटकतो. बॅटमॅनला हे पटत नाही. तो कंपनीच्या दप्तरात शिरतो आणि तेथे त्याला एक चित्रफीत सापडते.

त्या चित्रफितीत डॉक्टर व्हिक्टर फ्रीस दिसतो. (आडनावाच्या या उच्चारातूनच पुढचा ‘फ्रीझ’ निघाला, हे चतुर वाचकाच्या लक्षात येईलच.) त्याची पत्नी नोरा असाध्य आजाराने ग्रासलेली आहे. औषध सापडेपर्यंत तिला जिवंत ठेवण्यासाठी त्याने कंपनीची सामग्री वापरून तिला काचेच्या कक्षात शीतनिद्रेत ठेवले आहे. बॉईल पहारेकऱ्यांना घेऊन येतो. आपल्या परवानगीशिवाय चाललेला हा खर्चिक प्रयोग तत्काळ बंद करा, असा त्याचा हुकूम असतो. यंत्र बंद झाले तर नोरा मरेल, हे सांगूनही उपयोग होत नाही, तेव्हा फ्रीस एका पहारेकऱ्याचे पिस्तूल हिसकावून घेतो. बॉईल गोड बोलून त्याला शांत करतो, पिस्तूल खाली करायला लावतो आणि बेसावध क्षणी त्याला लाथ घालतो. फ्रीस रसायनांनी भरलेल्या मेजावर कोसळतो. शीतवायूचे लोट उठतात, दारे बंद होतात. मिस्टर फ्रीझचा जन्म असा झालेला असतो.

चित्रफीत संपते तोच फ्रीझ तेथे पोहोचतो आणि बॅटमॅन त्याच्या तावडीत सापडतो. तुझ्या पत्नीचे जे झाले त्याचे वाईट वाटते, असे बॅटमॅन म्हणतो, तेव्हा भावना आपल्यात उरलेल्याच नाहीत, अशा अर्थाचे उत्तर मिळते. एका माणसावरच्या सूडापायी इमारतीतील सगळ्यांचा जीव घेणार का, या प्रश्नावर फ्रीझ जे बोलतो ते या भागाचे हृदय आहे. उन्हाळ्याची झळ, चेहऱ्यावरचा उष्ण वारा, हातात घेतलेला एक ऊबदार हात, हे पुन्हा कधीच वाट्याला येणार नसेल तर माणूस काय करील, असे तो विचारतो आणि स्वतःच होकारार्थी उत्तर देतो. निरपराध मरतील हे त्याला ठाऊक आहे. ठाऊक असूनही तो निघतो.

गरम सूपचे शास्त्र

शेवटचा प्रसंग एका मेजवानीचा आहे. मानवतेची सेवा केल्याबद्दल फेरिस बॉईलचा गौरव होत असतो. खाली रस्त्यावरून फ्रीझची तोफ इमारत गोठवू लागते. फ्रीझ वर पोहोचतो आणि बॉईलला कमरेपर्यंत बर्फात जखडून टाकतो. बॅटमॅन तेथे येतो खरा. पण फ्रीझचा पोशाख त्याला अमानुष बळ देत असल्याने बॅटमॅनचे काही चालत नाही. अखेर त्याच्या हाती लागते ते एक थर्मास.

या थर्मासची पेरणी आधीच झालेली असते. पहिल्या झटापटीत बॅटमॅनला सर्दी झालेली असते. शिंकणाऱ्या धन्यासाठी त्याचा वृद्ध सेवक अल्फ्रेड कोंबडीचे गरम सूप थर्मासात भरून देतो. प्रेक्षक तेव्हा हसतो आणि विसरून जातो. तेच सूप फ्रीझच्या काचेच्या शिरस्त्राणावर फुटते आणि काच तडकते.

हा लेखकाचा चमत्कार नव्हे, साधे पदार्थविज्ञान आहे. जाड काचेच्या थंडगार पेल्यात उकळता चहा ओतला तर पेला तडकतो, हा अनुभव घरोघरी असतो. काच उष्णतेची मंदवाहक आहे. ज्या बाजूला उष्ण पदार्थ लागतो ती बाजू झटकन प्रसरण पावते, दुसरी बाजू मात्र थंडच राहते. या ओढाताणीचा ताण काचेला सोसवत नाही आणि तिला चीर पडते. फ्रीझचे शिरस्त्राण तर आतून अतिशीत. त्यामुळे हा फरक अधिकच मोठा. ज्या ऊबेसाठी हा माणूस तळमळत होता, तीच ऊब त्याच्या पराभवाला कारण होते, हा त्यातील काव्यगत न्याय.

शास्त्राच्या बाजूने पाहता इतर गोष्टी मात्र सैल सोडलेल्या आहेत. कमरेपर्यंत गोठलेला माणूस धडधाकट सुटू शकत नाही. मानवी शरीर गोठवून पुढे जिवंत करण्याची कल्पना तर प्रत्यक्षात अजून कल्पनाच आहे. जानेवारी १९६७ मध्ये जेम्स बेडफर्ड या अमेरिकी प्राध्यापकाचा देह, मृत्यूनंतर, भविष्यातील उपचारांच्या आशेने प्रथमच गोठवून जतन करण्यात आला. त्यानंतर अनेकांनी तो मार्ग पत्करला. पण अशा रीतीने गोठवलेला एकही माणूस आजवर परत आलेला नाही. पेशींमधील पाण्याचे स्फटिक होतात आणि ते पेशींनाच इजा करतात, ही मुख्य अडचण. नोराच्या काचेच्या कक्षामागे असलेली आशा किती नाजूक होती, हे यावरून कळते.

काळ्या कागदावरचे शहर

या भागाचा परिणाम केवळ पटकथेतून आलेला नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतील मुलांच्या मालिका बव्हंशी खेळण्यांच्या विक्रीशी बांधलेल्या होत्या. ‘ही-मॅन’ किंवा ‘जी. आय. जो’ यांचे नायक आधी दुकानात आणि मग पडद्यावर, असा प्रकार होता. १९८९ साली टिम बर्टन यांचा ‘बॅटमॅन’ चित्रपट गाजला आणि त्याच्या यशामुळे वॉर्नर ब्रदर्सला नव्या धाटणीच्या मालिकेसाठी धीर आला. ब्रूस टिम आणि एरिक राडोमस्की यांनी त्यासाठी चाळीसच्या दशकाकडे वळून पाहिले. १९४१ ते १९४३ या काळात फ्लायशर स्टुडिओने सुरू केलेल्या सुपरमॅनच्या १७ लघुपटांचा त्यांच्यावर गाढ प्रभाव होता.

राडोमस्की यांनी एक साधी पण दूरगामी गोष्ट केली. पार्श्वचित्रे पांढऱ्या कागदावर रंगवण्याचा प्रघात सोडून त्यांनी ती काळ्या कागदावर रंगवायला लावली. परिणामी गॉथम शहरात अंधार हा मूळ रंग झाला आणि प्रकाश हा वरून घातलेला पाहुणा. टिम यांनी पात्रांच्या रेषा कमी केल्या. चेहऱ्यावर सुरकुत्या आणि अंगावर स्नायूंची गर्दी न करता ठळक, कोनदार आकार ठेवले. मालिकेचे प्रत्यक्ष चलच्चित्रण परदेशी स्टुडिओंकडून होत असल्याने साध्या रेषा नेमकेपणाने हलवता येतील, असा त्यामागे व्यवहारही होता. ‘हार्ट ऑफ आइस’चे काम जपानमधील स्पेक्ट्रम या स्टुडिओने केले आणि ते मालिकेतील सर्वांत देखण्या कामांपैकी एक मानले जाते.

फ्रीझचे नवे रूप माईक मिग्नोला यांच्याकडून काढून घेण्यात आले. पुढे ‘हेलबॉय’ या कॉमिकमुळे जगभर नाव झालेले हेच ते चित्रकार. केस नसलेले डोके, डोळ्यांवर लाल चष्मा आणि भोवती काचेचा घुमट. डोळे झाकलेले असल्याने चेहऱ्यावर भाव दिसण्याची वाटच बंद. आणि नीट पाहिले तर तो घुमट म्हणजे पहिल्या दृश्यातील काचेच्या गोलाचीच प्रतिकृती आहे. नोरा काचेच्या कक्षात, बाहुली काचेच्या गोलात आणि तो स्वतः काचेच्या घुमटात. या कथेत प्रेम करणारे कुणीच एकमेकांना स्पर्श करू शकत नाही, हे संवादाविना सांगितले गेले आहे.

चेहरा बंद झाल्यावर उरतो आवाज. ही कामगिरी मायकेल अन्सारा यांची. सीरियात जन्मलेले आणि ‘स्टार ट्रेक’मधील कँग या क्लिंगन सेनानीच्या भूमिकेमुळे परिचित असलेले हे अभिनेते. दिग्दर्शकाने त्यांच्याकडून मागितला तो चढउतार नसलेला, यंत्रवत स्वर. सूड आणि शोक यांनी भरलेली वाक्ये असा स्वर उच्चारतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात विचित्र कालवाकालव होते. रडणाऱ्या माणसापेक्षा रडणे संपलेला माणूस अधिक अस्वस्थ करतो. अन्सारा २०१३ मध्ये निवर्तले; पण फ्रीझचा आवाज म्हटला की आजही त्यांचाच आवाज आठवतो. बॅटमॅनचा आवाज केव्हिन कॉनरॉय यांचा. २०२२ मध्ये त्यांचेही निधन झाले. आणखी एक गंमत अशी, की निर्दय फेरिस बॉईलला आवाज देणारे मार्क हॅमिल यांना यानंतरच त्याच मालिकेतील जोकरची भूमिका मिळाली आणि ती त्यांची ओळख होऊन बसली.

करुणातून रौद्र

भरताच्या नाट्यशास्त्रात रौद्र रसापासून करुण रस उत्पन्न होतो असे म्हटले आहे. कुणाच्या क्रोधाने संहार घडतो आणि त्यातून शोक जन्माला येतो, हा त्यातील क्रम. ‘हार्ट ऑफ आइस’ हा क्रम उलटा करून दाखवते. येथे आधी शोक आहे आणि न रडलेल्या त्या शोकाचा थिजून क्रोध झाला आहे. फ्रीझला हिरे नकोत, सत्ता नको, बॅटमॅनशी वैरही नको. त्याला एक हिशेब चुकता करायचा आहे.

असा खलनायक उभा करण्यात एक धोका असतो. त्याचे दुःख इतके खरे वाटते की त्याचे कृत्यही न्याय्य वाटू लागते. डिनी यांनी हा धोका एका छोट्या प्रसंगाने टाळला आहे, आणि तो प्रसंग म्हणजे जखमी साथीदाराचा. फ्रीझ आपल्या माणसाला गोठलेल्या अवस्थेत टाकून जातो. उपयोग संपलेल्या जिवाला वाऱ्यावर सोडणे, नेमके हेच बॉईलने नोराच्या बाबतीत केले होते. ज्याचा सूड घ्यायचा, त्याच्यासारखाच तो नकळत झाला आहे. उलट बॅटमॅनने शत्रूच्या माणसाला उचलून नेले. बॅटमॅननेही लहानपणी आईवडिलांचा खून डोळ्यांदेखत पाहिला आहे. त्यानेही त्या दुःखाची शपथ केली आहे आणि त्यानेही मुखवटा चढवला आहे. दोघांचे दुःख एकाच जातीचे. पण एकाने त्यातून परक्याच्या जिवाची काळजी घेणे शिकले, दुसऱ्याने ती सोडून दिली. हा फरक कुणीही भाषण करून सांगत नाही. पाहणाऱ्या मुलाला तो दिसतो.

शेवटही तितकाच संयमी आहे. बॅटमॅन बॉईलला वाचवतो, कारण त्याचे काम जीव वाचवणे आहे, आणि लगेच ती चित्रफीत समर ग्लीसन या वार्ताहर महिलेच्या हाती ठेवतो. मानवतेच्या पुरस्काराचा उपरोधिक उल्लेख करून तो निघून जातो. बॉईलला शिक्षा झाली का, हे आपल्याला दाखवले जात नाही. त्याचे बिंग फुटले एवढेच समजते. अखेरच्या दृश्यात फ्रीझ अर्कहॅमच्या बर्फाळ कोठडीत आहे. हातात तोच काचेचा गोल आहे आणि तो नोराची क्षमा मागतो आहे. दुष्टाचा पराभव झाला. पण आनंद कुणालाच झाला नाही. मुलांच्या मालिकेचा असा शेवट त्या काळी विरळा होता.

काही उणिवा

इतके गुण असूनही हा भाग निर्दोष नाही. फ्रीझला मिळालेली सखोलता बॉईलच्या वाट्याला मुळीच आलेली नाही. जगापुढे परोपकाराचा टेंभा मिरवणारा आणि आत काळाकुट्ट, असा तो एकरंगी दुर्जन आहे. त्याच्या जागी खर्चाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडणारा, नियमावर बोट ठेवणारा व्यवस्थापक असता, तर प्रश्न अधिक बिकट झाला असता. बावीस मिनिटांत एवढी गुंतागुंत मावली नसती, हे मान्य. तरीही खलनायकाचे खलत्व एका पात्रावरून काढून दुसऱ्यावर टाकले गेले, हे नाकारता येत नाही.

दुसरी उणीव नोराची. सगळे तिच्यासाठी घडते. पण तिला या भागात एक शब्दही बोलायचा नाही. शीतनिद्रेत जाण्याची इच्छा तिची होती का, आपल्यासाठी माणसे मारली जावीत असे तिला वाटले असते का, हे कुणी विचारत नाही. ती एक प्रतिमा म्हणूनच राहते, काचेतल्या त्या बाहुलीसारखी.

पुढचा प्रवास

१९९३ साली अ‍ॅनिमेशन मालिकेच्या लेखनासाठीचा डेटाइम एमी पुरस्कार या मालिकेने पटकावला आणि त्या सन्मानाशी ‘हार्ट ऑफ आइस’चे नाव कायमचे जोडले गेले. पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच घडली. सहसा कॉमिकमधून पडद्याकडे जाणारा ओघ येथे उलट दिशेने वाहिला. डिनी यांनी रचलेली ही पूर्वकथा मूळ कॉमिकने स्वीकारली आणि १९९७ मध्ये खुद्द डिनी यांनीच ती कॉमिकच्या स्वरूपात लिहिली. त्याच वर्षी जोएल शूमाकर यांच्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ चित्रपटात अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी फ्रीझ साकारला. आजारी पत्नीची कथा त्यातही होती. पण थंडीवरच्या कोट्यांच्या भडिमारात ती हरवून गेली. तीच सामग्री, तेच पात्र, आणि परिणाम मात्र उलटा. आशयापेक्षा सूर किती महत्त्वाचा असतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मूळ मालिकेनेही हे पात्र सोडले नाही. १९९४च्या ‘डीप फ्रीझ’ या भागात नोरा अद्याप शीतनिद्रेत सुरक्षित असल्याचे उघड झाले आणि १९९८च्या ‘सबझिरो’ या चित्रपटात ती अखेर बरी झाली. २०१२ मध्ये कॉमिकने या कथेला धक्कादायक वळण दिले : नोरा ही फ्रीझची पत्नी नव्हतीच, तो केवळ त्याच्या मनाचा भ्रम होता, असे दाखवण्यात आले. अनेक वाचकांना ते रुचले नाही आणि काही वर्षांतच कॉमिक जुन्या पूर्वकथेकडे परतले. २०१९ मध्ये तर नोराला जागे करून स्वतःच्या इच्छेने वागणारी स्त्री म्हणून उभे करण्यात आले. काचेआडच्या त्या अबोल प्रतिमेला आवाज मिळायला सत्तावीस वर्षे लागली.

लहान मुलांपुढे दुःखाचा विषय काढू नये, असे मोठ्यांना वाटते. ‘हार्ट ऑफ आइस’ने तो काढला, आणि सोपे उत्तर दिले नाही. एखाद्यावर अन्याय झाला म्हणून त्याने केलेला अन्याय पुसला जात नाही. आणि त्याने अन्याय केला म्हणून त्याच्यावर झालेला अन्यायही पुसला जात नाही. न्यायालयातील निकालपत्रांना आणि घरातील भांडणांना सारखीच लागू पडणारी ही गोष्ट आहे. ती समजायला मोठ्यांनाही वेळ लागतो. दूरचित्रवाणीवरच्या दुपारच्या एका कार्टूनने मुलांना ती समजेल असा विश्वास ठेवला, आणि तो विश्वास ठेवताना मुलांना कमी लेखले नाही.